पॅट्रिशियन म्हणजे श्रीमंत, प्लेबियन म्हणजे गरीब?

प्राचीन रोमबद्दलचा हा समज चुकीचा आहे. हा भेद पैशाचा नव्हता, जन्माचा होता: पॅट्रिशियन म्हणजे ठराविक जुन्या उमराव घराण्यांत जन्मलेले, प्लेबियन म्हणजे बाकीचे नागरिक. गडगंज श्रीमंत राजकारणी क्रॅसस प्लेबियन होता, प्रसिद्ध वक्ता सिसेरोही. उलट पुढे हुकूमशहा झालेला सुल्ला पॅट्रिशियन, पण तरुणपणी भाड्याच्या खोल्यांत राहिलेला.

क्लोडियस या राजकारण्याचं प्रकरण तर बघाच. ट्रिब्यून, म्हणजे प्लेबियनांचा निवडलेला प्रतिनिधी, फक्त प्लेबियनांनाच होता येई, म्हणून हा पॅट्रिशियन इ.स.पू. ५९ मध्ये आपल्यापेक्षा वयाने लहान प्लेबियनाला चक्क दत्तक गेला!

श्रीमंतीचं वजन पडायचं ते मतदानात. कॉन्सल, म्हणजे रोमचे सर्वोच्च अधिकारी, निवडणाऱ्या सभेत १९३ गट असत आणि प्रत्येक गटाचं एकच मत. श्रीमंतांचे गट आधी मत देत. बहुमत झालं की मतदान थांबे, गरिबांची पाळी अनेकदा येतच नसे. खरा अन्याय इथे होता.