चौकातला कॅमेरा आला कुठनं?

दसरा चौक असो, व्हीनस कॉर्नर असो नाहीतर ताराराणी चौक, कोल्हापुरात एक वाक्य हमखास कानावर पडतं, "पोलीस कोण नव्हताच की तिथं, मग पावती कुठनं आली?" मोबाईलवर मेसेज येतो, लिंक उघडली की आपल्याच गाडीचा फोटो, नंबर प्लेट स्पष्ट, खाली तारीख-वेळ, आणि मग चहाच्या गाड्यावर दोन तट पडतात, एक म्हणतो सगळं पैसे गोळा करायचं काम हाय, दुसरा म्हणतो सिग्नल तोडलास न्हवं, मग भर की. हे भांडण कॅमेऱ्याच्याही लई आधीपासनं चालू आहे आणि दरवेळी एकाच जागी येऊन अडतं: गाडी जोरात होती किंवा लाल असताना गेली हे सिद्ध कसं करायचं. तेवढा एक धागा धरून मागं जाऊन बघूया.

१८९६ च्या जानेवारीत इंग्लंडमधल्या केंट परगण्यात वॉल्टर अर्नोल्ड नावाच्या माणसाला वेगासाठी दंड झाला, वेगमर्यादेचा दंड झालेला पहिला मोटारवाला म्हणून त्याचं नाव घेतात. वस्तीतली मर्यादा होती ताशी २ मैल, म्हणजे साधारण ३ किलोमीटर, माणसाच्या चालीपेक्षा कमी, आणि हा चालला होता ८ मैलांनी. हवालदारानं सायकलवरनं पाठलाग करून धरलं. दंड एक शिलिंग, वर कोर्टाचा खर्च. इथं पुरावा काय, तर हवालदाराचा शब्द.

पुढं मर्यादा वाढवत वाढवत १९०३ च्या कायद्यानं २० मैलांवर आणली आणि पोलीस हातात स्टॉपवॉच घेऊन झुडपाआड बसायला लागले. रस्त्यावर दोन खुणा, मधलं अंतर ठरलेलं, गाडी या खुणेवरनं त्या खुणेवर किती सेकंदात गेली ते बघायचं आणि भागाकार करायचा. यातनंच १९०५ मधे मोटारवाल्यांची ऑटोमोबाईल असोसिएशन उभी राहिली, तिचं सुरवातीचं मुख्य काम पुढं पोलीस बसलेत हे सदस्यांना आधी कळवणं. त्यांची सायकलवरची माणसं रस्त्यावर फिरायची. १९१० मधे कोर्टानं असा इशारा देणं हा पोलिसांच्या कामात अडथळा ठरवला, तर यांनी युक्ती काढली, एरवी सदस्याच्या गाडीला सलाम ठोकायचा, आणि पुढं सापळा असला की सलाम ठोकायचा नाही. आज किणी टोलनाक्यापासनं कागलपर्यंत हायवेवर समोरची गाडी दोनदा हेडलाईट मारून जे सांगते ते नेमकं हेच, शंभर वर्षांत फक्त साधन बदललं.

स्टॉपवॉचची अडचण अशी की बटण दाबणारं बोट माणसाचं. अर्धा सेकंद इकडं तिकडं झालं की वेग कुठल्या कुठं जातो, आणि वकिलाला तेवढं पुरतं. त्यावर दुसऱ्या महायुद्धानं एक साधन हातात दिलं, रडार. जॉन बार्कर आणि बेन मिडलॉक या अमेरिकन माणसांनी युद्धकाळातल्या रडारच्या कामातनं वाहनाचा वेग मोजणारं यंत्र तयार केलं आणि १९४७ मधे कनेक्टिकट राज्यातल्या ग्लास्टनबरी गावात ते रस्त्यावर लावून बघितलं गेलं. तत्त्व १८४२ मधलं, क्रिस्टियन डॉप्लरचं. जवळ येणाऱ्या गाडीचा हॉर्न चढ्या सुरात ऐकू येतो आणि पुढं गेली की सूर उतरतो, तसंच रेडिओ लहरींचं, गाडीवर आपटून परत येणाऱ्या लहरीची फ्रिक्वेन्सी गाडीच्या वेगाप्रमाणं बदललेली असते. २४ गिगाहर्ट्झच्या रडारला ताशी प्रत्येक किलोमीटरमागं साधारण ४५ हर्ट्झचा फरक दिसतो. मोजायला सोपा आकडा.

आता या गोष्टीतला सगळ्यात महत्त्वाचा माणूस, मॉरिस गॅट्सोनाइड्स. डच, पण जन्म १९११ मधला जावा बेटावरचा, आणि धंद्यानं रॅली ड्रायव्हर. १९५३ ची मॉन्टे कार्लो रॅली यानं फोर्ड झेफिर घेऊन जिंकली. ह्याला पोलिसांशी काही देणंघेणं नव्हतं, ह्याला स्वतःचा वेग वाढवायचा होता. वळणात आपण नेमकं किती जोरात शिरतो आणि किती जोरात बाहेर पडतो हे कळलं तर त्यात सुधारणा करता येईल म्हणून त्यानं रस्त्यावर आडव्या रबरी नळ्या टाकल्या, चाक नळीवरनं गेलं की आतली हवा दाबली जाते, त्या दाबानं घड्याळ सुरू, दुसऱ्या नळीवर गेलं की बंद. माणसाचं बोट मधनं निघून गेलं. १९५८ मधे त्यानं गॅट्सोमीटर नावाची कंपनी काढली, पोलीस गिऱ्हाईक झाले, त्याला कॅमेरा जोडला, साठच्या दशकात लाल सिग्नलवरचा कॅमेरा आला आणि १९७१ मधे रडार. जगभर वेगाच्या कॅमेऱ्याला अजून गॅट्सो म्हणतात ते याच्या नावावरनं. जोरात चालवायचं वेड असलेल्या माणसाच्या हातनं हे यंत्र जन्माला आलं याचं मला फार अप्रूप वाटतं, कारण वेगाची किंमत त्याला नेमकी माहीत होती.

गॅट्सोचं जे जुनं मॉडेल होतं त्यातली एक गोष्ट जवळनं बघण्यासारखी आहे. रडारला वेग जास्त दिसला की कॅमेरा एक नाही, दोन फोटो काढतो, दोघांत अर्ध्या सेकंदाचं अंतर. आणि रस्त्यावर पांढऱ्या रेघा मारलेल्या असतात, ठराविक अंतरावर. रडार म्हणतं गाडी ६० नं होती, ठीक आहे, ६० म्हणजे सेकंदाला १६.७ मीटर, मग अर्ध्या सेकंदात गाडी ८.३ मीटर पुढं गेलेली दिसली पाहिजे, पहिल्या फोटोत चाक कुठल्या रेघेवर आणि दुसऱ्या फोटोत कुठल्या हे कुणीही मोजून बघावं. जुळलं नाही तर पावती रद्द. म्हणजे यंत्रावर विश्वास ठेवा असं कोण म्हणत नाही, यंत्राचं उत्तर रस्त्यावरच्या रंगानं तपासलं जातं.

ही तपासणी का लागते ते १९७९ मधे मायामीत दिसलं. तिथं पोलिसांच्या रडारगननं एका झाडाचा वेग ताशी ८६ मैल दाखवला आणि एका घराचा २८ मैल. झाड जागचं हललं नव्हतं. कोर्टात हे प्रकरण गाजलं आणि न्यायाधीशांनी त्यावेळी ज्या पद्धतीनं रडार वापरलं जात होतं त्या पद्धतीचा पुरावा मानायला नकार दिला. त्यामुळं रडार काही बंद पडलं नाही, पण चालवणाऱ्याला ट्रेनिंग, यंत्राची वेळोवेळी तपासणी, दाखला, हे सगळं मागं लागलं. एक मात्र ड्रायव्हरच्या बाजूचं आहे, रडार रस्त्याच्या कडेला तिरकं असेल तर वेग कमीच दिसतो, २० अंशाचा कोन असेल तर ६० ची गाडी साधारण ५६ दिसते, म्हणून पक्क्या बसवलेल्या कॅमेऱ्यात तो कोन हिशोबात धरून दुरुस्ती करतात. नंतर लेझर गन आली, अदृश्य किरणाचे ठोके गाडीवर मारायचे आणि परत यायला किती वेळ लागतो त्यावरनं अंतर, अंतराच्या बदलावरनं वेग. किरण बारीक असल्यानं गर्दीतली एकच गाडी नेमकी धरता येते. हायवेवर पांढऱ्या इंटरसेप्टर गाडीत पोलीस जे घेऊन बसतात ते हेच.

सिग्नलच्या कॅमेऱ्याचं काम वेगळं. जुन्या पद्धतीत स्टॉप लाईनजवळ डांबराखाली तारेची वेटोळी गाडलेली असतात, त्यातनं वीज खेळत असते, वरनं गाडीचं धातूचं धूड गेलं की तिथल्या विजेत फरक पडतो. हे लूप सिग्नलच्या पेटीला जोडलेले, आणि दिवा लाल झाला तरच जागे होतात. पहिला फोटो गाडी लाईनच्या अलीकडं असताना लाल दिव्यासकट, दुसरा गाडी चौकात शिरल्यावर. म्हणजे लाल व्हायच्या आधी चौकात शिरून अडकलेल्याला पावती लागायला नको. आता बऱ्याच ठिकाणी तारा नाहीतच, व्हिडिओ बघून कॉम्प्युटरच ठरवतो आणि नंबर प्लेटही तोच वाचतो, प्लेट वाचायचं हे तंत्र ब्रिटनच्या पोलिसांच्या संशोधन विभागात १९७६ मधे निघालं.

आणि खरी मेख इथंच आहे, पिवळ्या दिव्यात. यावर लोक बोलत नाहीत म्हणून मी जरा सविस्तर लिहितो. १९६० मधे जनरल मोटर्सच्या तीन शास्त्रज्ञांनी, गॅझिस, हर्मन आणि मॅराडुडिन यांनी, पिवळा दिवा किती वेळ पाहिजे याचं गणित मांडलं. (यातला रॉबर्ट हर्मन म्हणजे ज्यानं १९४८ मधे राल्फ आल्फरबरोबर विश्वाच्या जन्मावेळची उष्णता अजून शिल्लक असणार असं भाकीत केलं होतं तोच, विश्वाकडनं थेट सिग्नलकडं.) समजा गाडी ५० नं येतीय. पिवळा दिसल्यावर पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद, तेवढ्यात १४ मीटर गेले, मग आरामात थांबायला अजून साधारण ३१-३२ मीटर, म्हणजे ४५ मीटर झाले. आता पिवळा जर दोनच सेकंद असेल तर तेवढ्या वेळात गाडी जाते २८ मीटर. मग लाईनपासनं २८ ते ४५ मीटरच्या पट्ट्यात जो सापडला त्यानं करायचं काय? थांबायला गेला तर लाईनच्या पुढं जाऊन थांबतो, जायला गेला तर लाल लागतो. चूक त्याची नाहीच, आणि कॅमेरा मात्र त्यालाच धरणार. ५० च्या वेगाला सव्वातीन सेकंदांच्या आसपास पिवळा लागतो, हे साधं गणित आहे.

हे गणित हलवलं की काय होतं ते शिकागोत दिसलं. २०१४ मधे तिथल्या महापालिकेच्याच तपासणी अधिकाऱ्यानं बाहेर काढलं की पिवळा ३ सेकंदांऐवजी २.९ असला तरी पावती ग्राह्य धरायची असा बदल गुपचूप झाला आणि त्यातनं साधारण ७७ हजार जादा पावत्या निघाल्या. एक दशांश सेकंद, बास. त्याच शहरात कॅमेऱ्याचं कंत्राट देताना लाच घेतली म्हणून जॉन बिल्स या अधिकाऱ्याला २०१६ मधे दहा वर्षांची शिक्षा झाली. दुसरीकडं ओरेगनमधे मॅट्स यार्लस्ट्रॉम या माणसानं २०१३ मधे बायकोला आलेली सिग्नलची पावती बघून १९६० चं सूत्रच तपासायला घेतलं, त्यात वळणाऱ्या गाडीचा विचार नाही हे दाखवलं, तर तिथल्या इंजिनिअर मंडळानं परवान्याशिवाय स्वतःला इंजिनिअर म्हणवतो म्हणून त्यालाच ५०० डॉलर दंड केला. तो कोर्टात गेला आणि जिंकला, आणि २०२० मधे वाहतूक इंजिनिअरांच्या संस्थेनं वळणाऱ्या गाड्या धरून नवीन मार्गदर्शक नियम काढले. मला हा माणूस लई मोठा वाटतो.

आपल्याकडं ही गाडी उशिरा आली. मोटार वाहन कायदा १९८८ चा, त्यात वेगाचा पहिला दंड होता ४०० रुपयांपर्यंत, आणि तो आकडा तीस वर्षं जवळजवळ तसाच. २०१९ च्या दुरुस्तीनं हलक्या गाडीला १००० ते २०००, मध्यम आणि जड गाडीला २००० ते ४००० झाला, आणि १३६-अ हे नवीन कलम आलं, यंत्रानं नजर ठेवायचं. महाराष्ट्रात ई-चलन २०१६ मधे मुंबईपासनं सुरू झालं आणि मग राज्यभर पसरलं. कोल्हापुरात सेफ सिटीचे कॅमेरे चौकाचौकात लागले ते मुख्यतः गुन्हे शोधायला, पण लोकांना वर बघायची सवय त्यांनीच लावली. २०२४ मधे मुंबई-पुणे एक्सप्रेस वेवर तर कमानी उभ्या राहिल्या आणि दोन कमानींमधला सरासरी वेग मोजायला लागले, म्हणजे कॅमेऱ्यापुरतं स्लो करायचं आणि मग पुन्हा दाबायचं हे चालत नाही. हिशोब मात्र तोच, दोन खुणा, मधलं अंतर आणि घड्याळ.

एवढं सगळं कशाला, असं म्हणणाऱ्यांनी एक आकडा बघावा, २०२२ मधे देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली, आणि केंद्राच्या अहवालात त्यातली ७१ टक्के अतिवेगाच्या खात्यात आहेत. पुणे-बंगळूर हायवेलगतच्या आपल्या गावांना हे आकड्यात सांगायची गरज नाही.

आणि हो, आपल्या एमएच ०९ च्या गाड्यांवरचं ते फॅन्सी नंबरचं खूळ, इंग्रजी ४१४१ वाकवून ‘दादा’ करायचं, ८०५५ चं ‘बॉस’ करायचं, नाहीतर प्लेट अर्धी दुमडायची. कॅमेऱ्याला नंबर वाचता येत नाही म्हणून पोरं खूश, पण उद्या तीच गाडी कुणाला उडवून गेली तर घरच्यांनी कोणाला शोधायचं? हाय सिक्युरिटी प्लेटमागं हे एक मोठं कारण आहे, सगळ्यांची अक्षरं एकसारखी.

आता कामाचं. ऑगस्ट २०२१ मधे केंद्रानं यंत्रानं नजर ठेवण्याबद्दलचा नियम १६७-अ आणला, तो सगळ्यांनी वाचावा, कारण त्याबरोबर आलेल्या १३२ शहरांच्या यादीत कोल्हापूर आहे. त्यात स्पष्ट आहे की यंत्राला मान्यतेचा दाखला पाहिजे आणि तो दरवर्षी नवा करायचा, कॅमेऱ्याच्या आधी ठळक पाटी पाहिजे, पुराव्यात फोटो, नंबर, जागा, तारीख, वेळ आणि वेगाचा गुन्हा असेल तर यंत्रानं मोजलेला वेग पाहिजे, आणि नोटीस १५ दिवसांच्या आत. गाडी दुसरा कोण चालवत होता असं म्हणायचं असेल तर कलम १३३ प्रमाणं चालवणाऱ्याचं नाव मालकानं द्यायला लागतं, "मी नव्हतो" एवढ्यावर भागत नाही, त्यामुळं मित्राला चावी देताना विचार करा. आणि आपल्या चौकांबद्दल माझी एकच मागणी आहे, जिथं जिथं कॅमेरा आहे तिथं पिवळा किती सेकंदांचा आहे आणि यंत्राचा दाखला कधीपर्यंतचा आहे हे पाटीवर लिहा, मराठीत, गाडीवरनं वाचता येईल एवढ्या अक्षरात.