लूप पेडल, दशावतार आणि रात्री दहाचा नियम

माईक आणि लूप पेडल (गायलेला तुकडा टिपून पुन्हा पुन्हा वाजवणारं, पायाने चालवायचं यंत्र) घेऊन, आधी काही न बसवता कुणी गायला उभं राहिलं की त्याचं मूळ युरोपात शोधलं जातं. ते काही अंशी खरंही आहे. १९४८ साली पॅरिसमध्ये रेल्वेच्या ध्वनिमुद्रित आवाजांतून रचना झाली. १९५६ मध्ये कोलोनच्या रेडिओ स्टुडिओत एका मुलाचा गाता गळा आणि यंत्राचे स्वर एकत्र विणले गेले. अहमदाबादच्या एका डिझाइन शिक्षणसंस्थेत १९६९ मध्ये मूग सिंथेसायझर, म्हणजे विजेवर स्वर घडवणारं यंत्र, आला, पण तो स्टुडिओ काही वर्षांतच थंडावला.

माणसांसमोर, रात्रभर, जागच्या जागी रचत जाणं मात्र दक्षिण कोकणात दशावतार या लोकनाट्यात मुरलेलं आहे. लिखित संहिता नाही. आख्यान ठरतं, संवाद उभ्या उभ्या सुचतात आणि पेटी-मृदंग-झांज त्या सुचण्याचा माग काढत जातात. डबलबारीत, म्हणजे दोन भजनी बुवांच्या सामन्यात, समोरच्या बुवाला जागेवरच गाऊन उत्तर द्यावं लागतं. माईक आल्यावर त्यापासून किती लांब राहायचं, 'इको' किती ठेवायचा, हाही गाण्याचाच भाग झाला. कोकणापुरता तरी, आवाज आणि वीज यांचा संवाद मी तिथूनच मोजतो.

या सगळ्याला वळण दिलं ते एका नियमाने. फेब्रुवारी २००० मध्ये केंद्राचे ध्वनिप्रदूषण नियम आले: रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद, सूट बंदिस्त सभागृहांना. २००२ च्या दुरुस्तीने सण-उत्सवांसाठी वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत मुभा दिली. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी आणि ही सवलत, दोन्ही कायम ठेवल्या. त्या खटल्यामागे मोठ्या आवाजातल्या गाण्यांत एका अत्याचारित मुलीच्या किंकाळ्या बुडाल्याची घटना होती, त्यामुळे नियमाच्या हेतूवर बोट ठेवता येत नाही. २०१० मध्ये वाद्यंही त्याच कलमात आली.

अडचण मोजमापाची आहे. निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल ठरलेली असली, तरी दहानंतरची बंदी आवाज किती हे विचारतच नाही. डीजेच्या भिंती आणि लूपमध्ये फिरणारा एक हुंकार तिला सारखेच. शिवाय सवलतीचे दिवस महाराष्ट्रात जिल्हावार जाहीर होतात, आणि त्यांत गणपती-नवरात्रासारखे सगळीकडे एकाच वेळी येणारे सण बसतात. कार्तिकापासून पुढे गावागावांत वेगवेगळ्या तिथीला भरणाऱ्या, दशावतार रंगणाऱ्या जत्रा त्या पंधरा दिवसांत कशा मावणार?

लूप पेडलवर गाणाऱ्याला ही वेळ फार जाचते. पहिला स्वर फिरता ठेवून त्यावर दुसरा चढवायचा, मग श्वास, मग एखादी गवळण अर्धी तोडून. थर साचायला वेळ लागतो, आणि उघड्यावर तो रंगू लागेस्तोवर दहा वाजलेले असतात. उरतं सभागृह, जिथे समुद्राची गाज आत येत नाही आणि गावही फारसं येत नाही.

पंधरा दिवस जिल्ह्याऐवजी गावागणिक मोजले, तर कुठल्याच गावाच्या झोपेवर वर्षभराचा भार पडणार नाही आणि जत्रेची रात्र सवलतीत येईल. तरी मध्यरात्रीची अट राहतेच, आणि दशावताराची सांगता करणारा दहीकाला पहाटे होतो.