पायाच्या रक्तवाहिनीचं ऑपरेशन आणि लैंगिक क्षमता

पोटातली महाधमनी बेंबीच्या जवळपास दोन फांद्यांत फुटते, पुढे प्रत्येक फांदीच्या परत दोन होतात, बाहेरची जांघेतून पायात उतरते आणि आतली ओटीपोटात वळून कुल्ले, मूत्राशय, गर्भाशय, जननेंद्रिय यांना रक्त देते. पायाचं ब्लॉकेज असो की महाधमनीचा फुगा (तिची भिंत फुगून येणं), ऑपरेशनमध्ये ह्या आतल्या फांदीचं काय होतं ते बघायचं.

लैंगिक क्षमता गेली तर बरेचदा दोष ऑपरेशनचा नसतोच. ब्लॉकेज वर फाट्यापाशीच असेल तर चालताना कुल्ला-मांडी भरून येणं, जांघेत नाडी न लागणं आणि ताठरता न येणं हे तिन्ही एकदम दिसतं, फ्रेंच सर्जन रने लेरिश यांच्यावरून त्याला लेरिश सिंड्रोम म्हणतात. अशा माणसाच्या आतल्या फांदीत बायपासनंतर परत रक्त खेळायला लागलं तर गेलेली ताठरता कधी कधी परतही येते.

उलटंही होतं. फाट्यावरून मज्जातंतूंचं बारीक जाळं जातं, ऑपरेशनमध्ये त्याला धक्का लागला तर ताठरता राहते पण वीर्य बाहेर न येता मूत्राशयात जातं, मूल हवं असेल त्याला हे आधीच सांगायला हवं ना. फुग्यात जांघेतून स्टेंट-ग्राफ्ट, म्हणजे कापड लावलेली जाळीची नळी, घालायची पद्धत सर्जन हुआन पारोदी यांनी 1990 मध्ये अर्जेंटिनात सुरू केली, त्यात फुगा खालपर्यंत आला असेल तर आतली फांदी कॉइल (तारेचं बारीक वेटोळं) टाकून मुद्दाम बंद करावी लागते. एका बाजूची बंद केली तर बऱ्याच जणांचं निभावतं, दोन्ही बाजूंच्या केल्या तर कुल्ले दुखणं आणि ताठरता जाणं याचा धोका वाढतो. आता ही फांदी चालू ठेवणारे फांदीवाले स्टेंट आहेत, पण महाग.

गोव्यात हा विषय निघतच नाही. बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) फोंडा-पेडण्याचे आणि पलीकडून सावंतवाडी-दोडामार्गचेही पेशंट येतात, सोबत मुलगा नाहीतर सून उभी, मग म्हातारा बोलणार कसा, आणि ऑपरेशनआधी कसं होतं ते कागदावर नसलं की नंतर बिघडलं ते कशाने हे कुणालाच सांगता येत नाही. बायकांना तर कुणी विचारतही नाही, त्यांच्यावरचा अभ्यासही कमीच.

ताठरतेसाठीच्या सिल्डेनाफिल गोळीने काहींना फरक पडतो. पण रक्तवाहिन्यांच्या पेशंटला हार्टचाही त्रास असतोच बऱ्याचदा, आणि छातीत दुखण्यावरची जिभेखालची सॉर्बिट्रेट चालू असेल तर सिल्डेनाफिल अजिबात घ्यायची नाही, बीपी धोकादायक खाली जातं.