दिवाळीची पोस्त: हक्क, खुशी आणि प्राप्तिकर

वसुबारसेपासून भाऊबीजेपर्यंत प्लंबर, इलेक्ट्रिशियन, इस्त्रीवाला दारात येऊन जे पैसे मागतो, त्याला मुंबई-कोकणात पोस्त म्हणतात. शिमग्याचीही पोस्त असते. विदर्भात पोळ्याला बैल घेऊन दारी येणाऱ्याच्या हातावर बोजारा ठेवतात. हल्ली या सगळ्याला सरसकट बोनस म्हणायची सवय लागली आहे आणि कराचा गोंधळ तिथूनच सुरू होतो.

बोनस नोकराचा असतो. १९६५ च्या बोनस कायद्याने दरमहा २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या कामगाराला किमान ८.३३ टक्के बोनस मिळत असे. नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा वेतन संहितेने घेतली आहे. बोनस पगारात धरून करपात्र ठरतो. स्वतःचा धंदा करणाऱ्या कारागिराला मालकच नाही, तर बोनस कोण देणार? त्याला मिळते ती गिऱ्हाइकाची खुशी. (पोस्टमन आणि पालिकेचा सफाई कामगार लोकसेवक आहेत. त्यांनी पोस्त घ्यावी की नाही, हा सेवानियमांचा आणि लाचलुचपत कायद्याचा प्रश्न आहे, तो इथे घेतलेला नाही.)

कारागिराची पोस्त कामाच्या नात्याने आली असेल तर ती धंद्याची जमा, मग ती १०० रुपये असो की १०,०००. तिच्यावर प्रत्यक्ष कर भरावा लागतो का, हा वेगळा प्रश्न आहे आणि बहुतेक कारागिरांपुरते त्याचे उत्तर ‘नाही’ असेच येते. ‘कर लागत नाही, म्हणजे ते उत्पन्नच नाही’ असा अर्थ लोक काढतात. कायदा तसे म्हणत नाही, आणि का म्हणत नाही हे कळायला थोडे मागे जावे लागते.

गावगाड्यात हा प्रश्न पडतच नव्हता. सुतार, लोहार, चांभार, न्हावी, परीट, कुंभार यांना कामागणिक पैसे मिळत नसत. सुगीत खळ्यावर थोरली, मधली, धाकटी अशा कासेप्रमाणे धान्य आणि पेंढ्या मिळत, ते बलुते. त्यावर सणासुदीचे वेगळे असे. कुंभाराने संक्रांतीला सुगडी द्यायची आणि दाणे न्यायचे. लग्नात न्हाव्या-परटाचा मान ठरलेला असे. बाहेरच्या माणसाला ही बक्षिसी वाटली असती. गावात मात्र तो हक्क होता, नाकारला तर तंटा पंचांपुढे जाई. तो हक्क माणसाच्या चेहऱ्याला नव्हता, त्या वतनाच्या कामाला होता. पुढच्या पिढीने काम घेतले की सणाचा वाटाही तिच्याकडे जाई. कारागिरांवर करही होता, मोहतर्फा नावाचा. तो मात्र मिळकत मोजून नव्हे, धंद्यावर बसवलेली पट्टी म्हणून घेतला जाई. मुंबई इलाख्यात तो १८४४ मध्ये उठला.

इंग्लंडात पोस्तीला जुळणारी चाल म्हणजे ख्रिसमस बॉक्स. दुकानात काम शिकणारी उमेदवार पोरे मातीचा गल्ला ठेवत, गिऱ्हाइके त्यात नाणी टाकत आणि सणाला तो फोडला जाई. लंडनचा सरकारी अधिकारी सॅम्युएल पीप्स याच्या रोजनिशीत १९ डिसेंबर १६६३ ला, चांभाराची उधारी चुकती केल्यावर पोरांच्या पेटीतही काही टाकल्याची नोंद आहे. उधारी वेगळी, पेटी वेगळी! पुढे तिथे प्राप्तिकर आला तेव्हा या पेटीचे काय, हे न्यायालयांना ठरवावे लागले. १९०९ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाने, ईस्टरला भाविकांनी व्हिकारला (चर्चच्या पाद्र्याला) दिलेली वर्गणी करपात्र ठरवली, कारण ती त्याला पदामुळे मिळाली होती. १९४७ मध्ये टॅक्सी ड्रायव्हरच्या टिपांचा खटला न्यायमूर्ती अ‍ॅटकिन्सन यांच्यापुढे आला. रोजच्या टिपा करपात्र, असा निकाल त्यांनी दिला. पण जाता जाता एक अपवादही सांगितला: रोजच्या प्रवाशाने नाताळात ‘तू माझी फार काळजी घेतलीस’ म्हणून दहा पौंडांची नोट दिली, तर ती त्या माणसाच्या गुणांना दिलेली भेट, तिच्यावर कर नाही.

हा अपवाद पुढे सणाच्या पैशांच्या बचावाला वापरला गेला, पण फार टिकला नाही. १९५८ मध्ये शिकारी कुत्र्यांचा ताफा सांभाळणाऱ्या एका माणसाला दर ख्रिसमसला शिकारीचे सदस्य देत असलेले पैसे अपील न्यायालयाने करपात्र ठरवले. ती प्रथाच होती, कामावर येतानाच त्याला ते मिळणार हे ठाऊक होते, असे कारण दिले गेले. दरसालची ठरलेली खुशी ही खुशी राहत नाही, हा मुद्दा तिथे पक्का झाला. बलुतेदाराला तो आधीपासून ठाऊक होता.

भारतात प्राप्तिकर १८६० मध्ये इंग्रज सरकारचा अर्थ सदस्य जेम्स विल्सन याने आणला. तो मधूनमधून बंद-चालू होत १८८६ मध्ये स्थिरावला. पोस्तीच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे तो १९२२ चा कायदा. त्यात आकस्मिक आणि पुन्हा न येणाऱ्या जमेला सूट होती, पण लगेच पुढे अट होती की ती जमा धंदा, व्यवसाय किंवा पेशातून आलेली नसावी. नोकराच्या मेहनतान्यात भर घालणारी रक्कमही सुटीबाहेर होती. म्हणजे पोस्तीला दोन्ही दारे बंद: ती धंद्यातून येते, आणि दरवर्षी येते. हीच सूट १९६१ च्या कायद्यात कलम १० मध्ये आली, पुढे तिला ५,००० रुपयांची मर्यादा लागली आणि २००२ च्या वित्त कायद्याने ती काढूनच टाकली. ‘पाच हजारांपर्यंत किरकोळ उत्पन्न माफ’ असे अजूनही कुणी सांगतो, ते या मेलेल्या तरतुदीची आठवण आहे.

देणाऱ्याचा हेतू किती धरायचा, हे सर्वोच्च न्यायालयाने दोन निकालांत सांगितले आणि ते दोन्ही शेजारी ठेवून वाचायला हवेत. पहिला १९५८ चा. त्रावणकोरच्या पोलीस खात्यातून निवृत्त झालेले कृष्ण मेनन वेदान्त शिकवत, फी घेत नसत. लेव्ही नावाच्या इंग्रज शिष्याने त्यांना दोन लाखांहून अधिक रक्कम दिली. कृतज्ञता निखळ होती, मागणी नव्हती. तरीही रक्कम शिकवण्यामुळे आली म्हणून करपात्र ठरली. दुसरा १९६१ चा. भावनगरच्या महाराजांनी माजी दिवाण अनंतराय पट्टणी यांना ५ लाख रुपये दिले. ते वैयक्तिक आदरापोटी दिलेले धरले गेले, सेवेचा मोबदला नव्हे, म्हणून करातून सुटले. एकात नाते चालू कामाचे, दुसऱ्यात काम संपल्यानंतर माणसाशी उरलेले.

कारागिराच्या बाबतीत आम्ही लावतो ती कसोटी अशी: पुढच्या दिवाळीत या सोसायटीने प्लंबर बदलला, तर पोस्त कोणाला मिळेल? नव्याला मिळणार असेल तर पैसे कामाचे आहेत. उलट, हात थरथरू लागल्याने काम सोडलेल्या सुताराला जुन्या गिऱ्हाइकाने औषधपाण्यासाठी २५,००० रुपये पाठवले, तर ती भेट.

आणि भेट म्हटली की ५०,००० चा आकडा पुढे येतो. तो कुठून आला? १९५८ मध्ये अर्थतज्ज्ञ निकोलस काल्डोर यांच्या शिफारशीनंतर भेट कर कायदा आला, पण तो देणाऱ्यावर होता. १ ऑक्टोबर १९९८ पासून तो थांबला. मग १ सप्टेंबर २००४ पासून घेणाऱ्यावर कर आला, मर्यादा २५,००० ची. ती १ एप्रिल २००६ पासून ५०,००० झाली आणि आजही तेवढीच आहे. यात दोन चुका हमखास होतात. पहिली: ५०,००० ओलांडले की फक्त वरचे नव्हे, पूर्ण रक्कम करपात्र होते. दुसरी, आणि पोस्तीत नडते ती हीच: ही तरतूद ‘इतर स्रोत’ या सदरातली आहे. दुसऱ्या कुठल्याच सदरात न बसणाऱ्या उत्पन्नासाठी ते सदर आहे. पोस्त आधीच धंद्याच्या सदरात बसते, तिथून काढून इथल्या मर्यादेखाली लपवता येत नाही. लग्नाच्या भेटीची सूटही स्वतःच्या लग्नापुरती आहे. मुलीच्या लग्नाला गिऱ्हाइकांनी बापाच्या हातात दिलेल्या पाकिटांना ती मिळत नाही.

हॉटेलातल्या वेटरच्या टिपांवर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिलेला निकाल अनेकदा पोस्तीला लावतात. हॉटेलने वेटरला वाटलेली टीप पगार नाही, म्हणून हॉटेलने तिच्यावर टीडीएस (पैसे देतानाच कापून भरायचा कर) कापायची गरज नाही, एवढेच तो निकाल म्हणतो. वेटरच्या हातात ती करपात्रच राहते, इतर स्रोताखाली.

आता वस्तूंकडे. मिठाईचा डबा, भांड्यांचा संच, फटाक्यांची पेटी यांची कोणी नोंद करत नाही आणि घरगुती गिऱ्हाइकाने दिलेल्या डब्यासाठी कोणी विचारायलाही येत नाही. खरा पैसा आहे तो कंपन्यांच्या भेटींत. रंगाच्या डब्यात निघणारे टोकन, सुताराला फर्निचरच्या गोंदावर मिळणारे पॉइंट, वायरच्या बंडलावरचा स्कॅन करायचा कोड, आणि दिवाळीच्या सुमारास त्यावर मिळणारे सोन्याचे नाणे किंवा मोटारसायकल. धंद्यातून मिळालेल्या अशा लाभावर कर घेणारे पोटकलम १९६४ मध्ये कलम २८ मध्ये घातले गेले. जीप बनवण्याच्या टूलिंगसाठी (साचे-अवजारांसाठी) अमेरिकन कंपनीकडून घेतलेले आणि पुढे माफ झालेले कर्ज, या महिंद्र कंपनीच्या प्रकरणात २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणाले की हे पोटकलम रोख रकमेला लागत नाही. त्यावर २०२३ च्या वित्त कायद्याने ‘रोख असो वा वस्तू’ असे शब्द घालून ती वाट बंद केली. त्याआधीच १ जुलै २०२२ पासून कलम १९४आर आले: वर्षात २०,००० रुपयांवर लाभ दिला तर देणाऱ्या कंपनीने १० टक्के टीडीएस कापायचा. पॅन दिला नाही तर २० टक्के. वस्तूतून १० टक्के कापता येत नाहीत, म्हणून गाडी ताब्यात देण्याआधी कंपनी कराची रक्कम मागते किंवा स्वतः भरते. पेंटरला हे फसवणूक वाटते. प्रत्यक्षात ती रक्कम त्याच्या पॅनवर जमा असते. रिटर्न भरले आणि एकूण कर शून्य निघाला तर परत मिळते, न भरले तर गेली.

छोट्या धंद्याच्या हिशोबासाठी सरकारने वेळोवेळी सोप्या वाटा काढल्या. १९९२ मध्ये ठोक १,४०० रुपये भरून मोकळे व्हायची योजना होती, ती चालली नाही. पुढे चालले ते कलम ४४एडी: उलाढालीच्या ८ टक्के, आणि बँकेतून किंवा यूपीआयने आलेल्या भागाच्या ६ टक्के, किमान नफा धरायचा. समजा इलेक्ट्रिशियनची वर्षाची जमा ९,६०,००० रुपये, पैकी ८,००,००० यूपीआयने. नफा ४८,००० अधिक १२,८००, म्हणजे ६०,८००. यात ६० घरांची प्रत्येकी २०० प्रमाणे १२,००० ची पोस्त, निम्मी रोख, निम्मी क्यूआरवर. तिच्यामुळे वाढलेला नफा ४८० अधिक ३६०, म्हणजे ८४० रुपये. पोस्त लपवून नफ्यातून कमी होते ते एवढेच. लपवण्यासाठी बायकोच्या खात्याचा क्यूआर लावला तर दोन खात्यांचा खुलासा करत बसावे लागते.

६ आणि ८ टक्के हा किमान आकडा आहे. नुसत्या मजुरीच्या कामात खरा नफा बराच जास्त असतो, आणि तो कमी दाखवला की घरकर्जाच्या वेळी तेच रिटर्न अंगाशी येते. २०२५-२६ साठी नव्या प्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य होतो, पण ४ लाखांवर उत्पन्न गेले की रिटर्न भरावेच लागते.

सोसायटीने पोस्त बिलातच जिरवली, म्हणजे ‘पंप दुरुस्ती व दिवाळी’ अशी एकच रक्कम लिहिली, तर कंत्राटदाराचा १ टक्का टीडीएस लागू असल्यास तो पूर्ण रकमेवर कापला जातो. कारागीर जीएसटीत नोंदलेला असेल तर बिलातली ती रक्कमही किमतीचाच भाग होते. महाराष्ट्रात सेवेसाठी नोंदणीची मर्यादा २० लाखांची आहे.

पोस्त कुठल्या वर्षात धरायची, हाही एके काळी खरा प्रश्न होता. १९८९ पर्यंत धंदेवाला दिवाळी ते दिवाळी असे हिशोबाचे वर्ष ठेवू शकत असे. लक्ष्मीपूजनाला जुनी वही बंद, पाडव्याला नवी सुरू, आणि धनत्रयोदशीची पोस्त एका वर्षात तर भाऊबीजेची दुसऱ्यात. १ एप्रिल १९८९ पासून सर्वांना मार्चअखेर सक्तीचे झाले. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा प्राप्तिकर कायदा लागू. त्यात ४४एडीची जागा कलम ५८ घेते. ८ नोव्हेंबर २०२६ च्या दिवाळीची पोस्त त्या कायद्याखाली मोजली जाईल.

वहीत चार रकाने पुरतात: तारीख, फ्लॅट नंबर, रोख की यूपीआय, आणि ‘स्वतःची की हाताखालच्या पोरांची’. चौथा रकाना विसरू नये. गिऱ्हाइकाने ‘हे तुझ्या दोन पोरांना’ म्हणून दिलेले ४०० रुपये मुकादमाच्या क्यूआरवर आले तरी त्याचे नाहीत. त्याच दिवशी पुढे पाठवले आणि तसे लिहून ठेवले, तर मार्चमध्ये बँकेचा उतारा आणि वही जुळते.