जुन्या कळपात नव्या कोंबड्या सोडताना: आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

नव्या तलंगा, म्हणजे तरुण कोंबड्या, घरी पोचल्या की त्यांना थेट जुन्या कोंबड्यांच्या खुराड्यात सोडायचा मोह होतो. कृपया तसे करू नका. नवी कोंबडी कोपऱ्यात बसून आहे, खात नाही, डोक्यावरची पिसे उपटली गेली आहेत, तुऱ्याला रक्त आले आहे, अशा तक्रारी आमच्याकडे येतात आणि त्यातल्या बहुतेकींचे मूळ या एका घाईत असते. पक्ष्यात खोट नसते, ओळख नीट करून दिलेली नसते. या कामाला साधारण दीड महिना लागतो. पहिला महिना आजाराची खातरजमा करण्यासाठी, पुढचे दोन आठवडे दोन्ही गटांना एकमेकांची सवय होण्यासाठी.

आधी महिनाभर वेगळे, पक्षी आमच्याकडचे असले तरी

आम्ही पक्षी लस टोचून आणि तपासूनच देतो. तरीही ३० दिवस त्यांना वेगळे ठेवा, असा आमचा आग्रह आहे. प्रवास, नवी जागा आणि बदललेले खाद्य यांचा ताण पडला की अंगात दबून असलेला आजार डोके वर काढतो. कोंबड्यांची सांसर्गिक सर्दी, म्हणजे कोरायझा, एक ते तीन दिवसांत दिसते. मानमोडीची (राणीखेत) लक्षणे दिसायला मात्र कधी कधी दोन आठवडे जातात. पहिल्या दिवशी अंगावर एकही ऊ सापडली नाही, तरी पिसांच्या मुळाशी चिकटलेली अंडी नंतर फुटतात.

धोका दोन्ही बाजूंनी असतो. तुमच्या जुन्या कोंबड्या धडधाकट दिसत असतील, पण कोरायझातून किंवा मायकोप्लाझ्मा या श्वसनरोगाच्या जंतूच्या संसर्गातून उठलेली कोंबडी पुढेही ते जंतू अंगात बाळगून राहू शकते. तुमच्या कळपात पूर्वी असा आजार येऊन गेला असेल, तर पक्षी नेण्याआधी आम्हाला सांगा. मारेक रोगाचेही लक्षात ठेवा. त्याची लस पक्ष्याला गाठींपासून आणि लुळेपणापासून वाचवते, पण विषाणूला अंगात शिरण्यापासून किंवा बाहेर पसरण्यापासून पूर्ण रोखत नाही. म्हणून लस न दिलेली पिल्ले घरी असतील तर तेही कळवा.

वेगळे ठेवणे म्हणजे त्याच खुराड्यात मध्ये फळी लावणे नव्हे. छप्पर दुसरे हवे, हवा दुसरी हवी, खाद्याची आणि पाण्याची भांडी दुसरी हवीत. रोज आधी जुन्या कोंबड्यांचे सगळे उरका आणि मग नव्यांकडे जा. परत जुन्यांकडे जायची वेळ आलीच तर हात धुवा आणि चपला बदला. चपलेच्या तळाला लागलेली विष्ठा हा रोग पसरण्याचा सर्वांत सोपा रस्ता आहे. रक्ती हगवणीची, म्हणजे कॉक्सिडिओसिसची बीजे उबदार ओलीत एक-दोन दिवसांत संसर्गक्षम होतात, त्यामुळे खालचा भुसा कोरडा ठेवणे हे निम्मे औषध आहे.

या महिन्यात पक्षी हातात घेऊन बघा. डोळ्यात फेस आहे का, नाकपुडीभोवती चिकट काही साचले आहे का, शेपटीखालची पिसे बाजूला केल्यावर कातडीवर काही पळते का. रात्री सगळे शांत झाले की खुराड्याजवळ दोन मिनिटे उभे राहा. दिवसाच्या गोंगाटात लपलेली श्वासाची घरघर तेव्हा स्पष्ट ऐकू येते. तांबडे माइट दिवसा पक्ष्याच्या अंगावर क्वचितच सापडतात, ते लाकडाच्या फटीत दडून राहतात आणि रात्री रक्त प्यायला बाहेर येतात. अंधार पडल्यावर बसायच्या दांडीच्या खालच्या बाजूवरून पांढरा कागद दाबून फिरवा. कागदावर लाल रेघा उमटल्या तर माइट आहेत असे समजा आणि उपचार पूर्ण होईपर्यंत पुढचे पाऊल टाकू नका.

भांडण कशाचे असते

कोंबड्यांत मान ठरलेला असतो. कोणी कोणाला टोचायचे, आधी कोणी खायचे, वरच्या दांडीवर कोणी बसायचे, हे सगळे. नॉर्वेचे प्राणिशास्त्रज्ञ थॉरलिफ श्येल्डरुप-एब्बे यांनी १९२०च्या दशकाच्या सुरुवातीला ही उतरंड शास्त्रशुद्ध मांडली. नवा पक्षी आला की ती विस्कटते आणि पुन्हा लागेपर्यंत चोची चालतात. हे टाळता येत नाही आणि टाळायचेही नाही. आपल्या हातात एवढेच आहे की हा निकाल रक्त न सांडता आणि कोणाला उपाशी न ठेवता लागावा.

जाळीआड ओळख

महिना सुखरूप गेला की नव्यांना जुन्यांच्या शेजारी आणा, मध्ये मजबूत जाळी ठेवा. जाळीची भोके लहान हवीत, चोच घालून पीस ओढता येता कामा नये. दोन्ही बाजूंची खाद्याची भांडी हळूहळू जाळीजवळ सरकवा. शेजारी शेजारी खायची सवय लागली की अर्धे वैर तिथेच विरते. निदान आठवडाभर असे ठेवा, जमल्यास दोन आठवडे. जुन्या कोंबड्या जाळीकडे धावून जायच्या थांबल्या आणि आपापल्या मातीत लोळू लागल्या, की वेळ झाली असे समजा. आम्ही दिवसांपेक्षा या खुणेवर जास्त भरवसा ठेवतो.

एकत्र सोडताना

मोकळ्या जागेत, संध्याकाळच्या तासाभरात सोडा आणि स्वतः तिथेच थांबा. उजेड सरत आलेला असतो, भांडण फार लांबत नाही. आदल्या दिवशी खुराड्यातली मांडणी बदला. एखादी दांडी हलवा, भांड्यांच्या जागा बदला, म्हणजे जुन्यांनाही ती जागा थोडी परकी वाटते. खाद्याचे आणि पाण्याचे एकेक भांडे जास्तीचे ठेवा, तेही एका भांड्यापाशी उभे राहून दुसरे दिसणार नाही इतके आडोशाला. नाहीतर एकच दांडगी कोंबडी दोन्ही भांडी राखत बसते. लपायला उभ्या फळ्या, उलटे खोके, झुडपे असू द्या, पण प्रत्येक आडोशाला दोन वाटा हव्यात. एकच तोंड असलेला कोपरा म्हणजे सापळा.

जागा अपुरी असेल तर बाकी सगळे व्यर्थ आहे. दांडीवर प्रत्येक कोंबडीला २० ते २५ सेंटीमीटर, खुराड्यात प्रत्येकी निदान ४ चौरस फूट आणि बाहेरच्या आवारात ८ ते १० चौरस फूट जागा धरा. एवढी होत नसेल तर पक्षी कमी न्या. आमची विक्री कमी झाली तरी चालेल.

रात्री गुपचूप दांडीवर ठेवून दिले की सकाळी जुन्यांना पत्ताच लागत नाही, असे अनेक जण सांगतात. तसे होत नाही. कोंबड्या एकमेकींना तुऱ्यावरून आणि चेहऱ्यावरून ओळखतात, उजाडताच त्यांना कळते. जाळीची ओळख झाली असेल तर रात्री ठेवणे सोयीचे पडते. ओळख न करता ठेवलेत, तर पहाटे तुम्ही झोपेत असताना मारामारी होईल आणि सोडवायला कोणी नसेल.

काय चालेल, काय नाही

दोन-तीन टोचे, मान ताठ करून समोरासमोर उभे राहणे, एखादे पीस उडणे, थोडा पाठलाग, हे चालेल. मध्ये पडू नका. रक्त दिसले, दोघी-तिघींनी मिळून एकीला घेरले, किंवा खाली दबकून बसलेल्या कोंबडीच्या डोक्यावर टोचणे थांबत नसेल, तर मात्र त्या क्षणी मध्ये पडा. लाल रंगाकडे कोंबड्यांचे लक्ष लगेच जाते आणि उघड्या जखमेवर सगळा कळप तुटून पडतो. जखमी पक्षी पूर्ण बरा होईपर्यंत आत सोडू नका.

एकच कोंबडी सगळ्यांना त्रास देत असेल तर मार खाणारीला नव्हे, त्या दांडगीला तीन-चार दिवस बाजूला काढा, शक्यतो नजरेआड. ती परत येते तेव्हा तिचा जुना मान उरलेला नसतो आणि तिला स्वतःची जागा नव्याने मिळवावी लागते.

रोज रात्री नव्या कोंबडीची अन्नपिशवी चाचपा, गळ्याखाली, छातीच्या वर थोडी उजव्या बाजूला. दाणापाणी मिळालेल्या पक्ष्याची पिशवी झोपताना भरलेली, गोल लागते. दोन रात्री ती रिकामी लागली, तर दिवसा सगळे शांत दिसत असूनही तिला कोणीतरी भांड्याजवळ येऊ देत नाही आहे.

आणखी काही

एकटी कोंबडी कधीही आणू नका. दोन-तीन एकत्र आल्या की मार वाटला जातो. वय आणि आकार जुळत नसेल तर थांबा. १२ ते १६ आठवड्यांच्या, जवळपास जुन्यांएवढ्या झालेल्या तलंगाच मिसळाव्यात. अगदी लहान पिल्ले वाढवायची असतील, तर चांगली खुडूक कोंबडी हा सर्वांत उत्तम मार्ग आहे. एक-दोन दिवसांची पिल्ले रात्री तिच्या पंखाखाली सरकवा, ती त्यांना आपली मानते आणि पुढे कळपात स्वतःच नेते. पण सकाळी लवकर उठून बघा, काही कोंबड्या परकी पिल्ले स्वीकारत नाहीत.

नव्या तलंगा अंड्यावर आलेल्या नसतील, तर सगळ्यांना एकच लेयर खाद्य (अंडी देणाऱ्या कोंबड्यांचे) घालू नका. त्यात कॅल्शियम साडेतीन ते चार टक्के असते आणि वाढत्या पक्ष्याच्या मूत्रपिंडांना ते बाधते. सगळ्यांना ग्रोअर खाद्य (वाढत्या पक्ष्यांचे) द्या आणि शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवा. अंडी देणाऱ्या कोंबड्या आपल्या गरजेपुरता तो खातात.

या काळात अंडी कमी होतील, जुन्यांचीही. काही आठवड्यांत घडी बसली की ती पूर्ववत होतात, त्यासाठी औषधे किंवा टॉनिक घेऊ नका. आम्हीही ती विकणार नाही.

काही अडले तर आम्हाला जरूर फोन करा. पक्षी नेल्याची तारीख, जुन्या-नव्यांची संख्या, जागेचे माप आणि विष्ठेचा रंग एवढे हाताशी ठेवलेत तर फोनवरच बरेचसे सांगता येते. श्वासाची घरघर, मान वाकडी होणे किंवा अचानक मरतूक असेल तर आमच्या फोनची वाट न पाहता पशुवैद्यांकडे जा आणि मेलेला पक्षी पुरून न टाकता तपासणीसाठी दाखवा.