यी यी (चित्रपट) : घरगुती व्हिडिओ-आवृत्त्यांची तुलना

यी यी : तैवानी दिग्दर्शक एडवर्ड यांग (१९४७–२००७) यांचा अखेरचा पूर्ण चित्रपट आणि चिनी भाषेतल्या कौटुंबिक चित्रपटांपैकी एक श्रेष्ठ कृती. प्रदर्शन २०००, लांबी १७३ मिनिटे, चौकटीचे प्रमाण (रुंदी : उंची) १.८५ : १. छायालेखन यांग वेइ-हान यांचे, ध्वनी तू तू-चिह यांचा, संगीत पेंग काय-ली यांचे. २००० सालच्या फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात यांग यांना सर्वोत्कृष्ट दिग्दर्शकाचा पुरस्कार मिळाला. चिनी भाषेत ‘यी’ म्हणजे एक आणि ते लिहायचे एका आडव्या रेघेने. शीर्षकातल्या दोन रेघा उभ्या ओळीत, एकीखाली एक लिहिल्या की डोळ्यांना ‘दोन’ हा आकडा दिसतो.

कथा ताइपेमधल्या जिआन कुटुंबाची. लग्नाने सुरू होते, अंत्यविधीने संपते. मधल्या काळात आजी बेशुद्धावस्थेत घरी पडून आहे आणि डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे घरातला प्रत्येक जण पाळीपाळीने तिच्याशी बोलायला बसतो. वडील एनजे (वू निएन-चेन) एका संगणक कंपनीत भागीदार, आई मिन-मिन (एलेन जिन) नोकरी करणारी, मुलगी टिंग-टिंग (केली ली) शाळेच्या शेवटच्या वर्षांत, आणि आठ वर्षांचा यांग-यांग (जोनाथन चांग) कॅमेरा घेऊन माणसांच्या पाठमोऱ्या डोक्यांचे फोटो काढत हिंडणारा, कारण ते त्यांना स्वतःला दिसत नाही.

तैवानमध्ये या चित्रपटाचे व्यावसायिक प्रदर्शन २०१७ मध्ये, म्हणजे यांग यांच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी झाले. चित्रपट ज्या शहराचा, त्या शहरातल्या थिएटरांत तो सतरा वर्षे लागलाच नाही. म्हणून त्याच्या चकत्यांना (व्हीसीडी, डीव्हीडी, ब्ल्यू-रे) नेहमीपेक्षा जास्त वजन आहे. जगभरच्या बहुतेक रसिकांनी ‘यी यी’ आपल्या घरच्या टीव्हीवर पाहिला, आणि ज्याच्या हाती जी चकती आली तोच त्याच्यासाठी ‘यी यी’ ठरला.

या चित्रपटाच्या बाबतीत आवृत्तीचा फरक का जाणवतो, ते एका दृश्यावरून कळते. रात्रीची वेळ. मिन-मिन आपल्या कार्यालयात अंधारात खिडकीपाशी उभी आहे. कॅमेरा काचेबाहेरचे पाहतो आणि काचेवरचेही: तिची धूसर आकृती, तिच्यावरून सरकणारे मोटारींचे दिवे, समोरच्या इमारती, आणि छातीच्या जवळपास उघडझाप करणारा एक लाल दिवा. शब्द जवळजवळ नाहीत. बाईच्या मनातली घुसमट आणि शहराची रहदारी एकाच काचेवर एकावर एक पडलेली आहेत. चकतीचे काम असे की हे दोन्ही थर डोळ्यांना वेगवेगळे ओळखू आले पाहिजेत. काळा रंग सपाट झाला तर मिन-मिन अंधारात विरघळते आणि उरते नुसते शहर. तोच काळा रंग उजळून करडा झाला तर काचेची खोली जाते आणि चित्र मळक्या कागदासारखे दिसते. यांग यांनी असे प्रतिबिंबांचे खेळ चित्रपटभर पेरले आहेत. शिवाय त्यांचा कॅमेरा बहुधा लांबून पाहतो. चेहरे पडद्याच्या मानाने लहान असतात. जवळून घेतलेल्या चेहऱ्यांचा चित्रपट खराब प्रतीतही तग धरतो, हा धरत नाही.

आता आकडे. आशियात एकेकाळी घरोघरी असलेल्या व्हीसीडीवर चित्राचे बिंदू (पिक्सेल) ३५२ × २४० असतात. एका चकतीवर ७४ मिनिटे मावतात, त्यामुळे १७३ मिनिटांचा चित्रपट तीन चकत्यांत तोडावा लागतो. डीव्हीडीवर ७२० × ४८० बिंदू, म्हणजे व्हीसीडीच्या चौपटीहून थोडे जास्त. ब्ल्यू-रेवर १९२० × १०८०, डीव्हीडीच्या सहापट. पण डीव्हीडी म्हटली की सगळ्या सारख्या नसतात. सुरुवातीच्या काळात अनेक चकत्यांवर रुंद चित्र जुन्या चौकोनी टीव्हीच्या मापात, वर-खाली काळ्या पट्ट्या ठेवून साठवलेले असे. ४८० ओळींपैकी १३४ ओळी त्या काळ्या पट्ट्या साठवण्यातच खर्च होत आणि चित्राच्या वाट्याला सुमारे ३४६ ओळी येत. हेच चित्र आडवे दाबून साठवले आणि प्लेअरने पुन्हा पसरले, तर सुमारे ४६१ ओळी मिळतात. एकाच कंपनीची, एकाच किमतीची, एकाच नावाची चकती, आणि तपशिलात एक-तृतीयांश फरक. वेष्टनावर बारीक अक्षरांत छापलेली ती एक ओळ वाचली की हे कळत असे. बहुतेकांनी ती वाचली नाही.

युरोपात आणि भारतात चालणाऱ्या पाल (PAL) या टीव्ही-पद्धतीच्या डीव्हीडींचा प्रश्न वेगळाच. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींनी चित्रित होतो, पाल टीव्ही २५ दाखवतो. सोपा उपाय म्हणून चित्रपट थोडा पळवतात. १७३ मिनिटे मग १६६ होतात. काही कापलेले नसते, पण यांग यांच्या चित्रपटात प्रत्येक थांब्याला मोल आहे आणि सात मिनिटांची घाई त्या थांब्यांवरच पडते. सूरही चढतो. जपानी उद्योजक ओता (इस्सेइ ओगाता) बारमध्ये पियानोवर बेथोव्हनचा ‘मूनलाइट सोनाटा’ वाजवू लागतो तेव्हा सगळी जागा शांत होते. पळवलेल्या प्रतीत तो पियानो काळी एक आणि पांढरी दोन यांच्यातल्या अंतराच्या सुमारे सत्तर टक्के वर वाजतो. सूर पुन्हा खाली आणण्याची सोय तंत्रज्ञानात आहे, ती प्रत्येक प्रकाशकाने वापरलेली नसते. ज्याचा कान तयार आहे त्याने याच दृश्यावरून चकती पारखावी.

सबटायटलची तुलना चित्राच्या तुलनेइतकीच गरजेची आहे आणि तिच्याकडे फार कमी लोक लक्ष देतात. या कुटुंबात मँडरिन आणि तैवानी होक्किएन या दोन्ही भाषा बोलल्या जातात, जपानीही येते. इंग्रजी सबटायटलमध्ये सगळे एकाच पातळीवर येते. कोण कोणाशी कोणत्या भाषेत बोलले हे परक्या प्रेक्षकाला कळत नाही. एनजे आणि ओता मात्र एकमेकांशी इंग्रजीत बोलतात. दोघांनाही ती भाषा उसनी, वाक्ये तुटक. पण चित्रपटातले सर्वांत मोकळे, सर्वांत प्रामाणिक बोलणे याच दोघांचे आहे. इथे चांगली आवृत्ती ती, जी या अडखळत्या इंग्रजीवर सुबक इंग्रजी छापत नाही आणि प्रेक्षकाला ते आवाज ऐकू देते. भाषांतर घाईत झाले की यांग-यांगच्या बोलण्याचेही नुकसान होते: लहान मुलाचे साधे प्रश्न तत्त्ववेत्त्याच्या सुभाषितांसारखे वाटू लागतात.

अमेरिकेत चित्रपटाची पहिली डीव्हीडी विनस्टार या वितरकाकडून २००१ मध्ये आली. निवडक श्रेष्ठ चित्रपटांच्या चकत्या काढणाऱ्या क्रायटेरियन कलेक्शन या अमेरिकी संस्थेची डीव्हीडी २००६ मध्ये (मालिकेतला क्रमांक ३३९), आणि त्याच संस्थेची ब्ल्यू-रे २०११ मध्ये. क्रायटेरियनच्या दोन्ही आवृत्त्यांत पूरक साहित्य मोजकेच आहे, पण त्यातली एक गोष्ट अमोल आहे: खुद्द यांग आणि आशियाई चित्रपटांचे अभ्यासक टोनी रेन्स यांचे संपूर्ण चित्रपटावरचे ध्वनिभाष्य. यांग २००७ मध्ये कर्करोगाने गेले. त्यांनी स्वतःच्या तोंडाने या चित्रपटाची प्रत्येक चौकट समजावून सांगितल्याचा हा ठेवा आहे. रेन्स यांची तैवानच्या ‘नव चित्रपट’ चळवळीविषयीची मुलाखतही सोबत आहे. केवळ चित्राच्या बाबतीत २००६ आणि २०११ यांच्यात निवड करायची वेळ आलीच तर ब्ल्यू-रे निर्विवाद पुढे. ३५ मिमी फिल्मचे कण तिच्यावर टिकतात, आणि यांग-यांग शाळेच्या अंधाऱ्या खोलीत ढग आणि विजांची फिल्म पाहत असताना पडद्यासमोर उभी राहिलेली मुलगी विजेच्या उजेडात कडेसकट उठून दिसते. डीव्हीडीत ती कड चौकोनी ठिपक्यांत फुटण्याची भीती असते, कारण गडद आणि सारखे बदलणारे चित्र दाबून साठवणे हे त्या माध्यमाचे सर्वांत कच्चे अंग.

२०२५ मध्ये कान महोत्सवाच्या क्लासिक्स विभागात चित्रपटाची ४के पुनर्स्थापित (मूळ फिल्मवरून दुरुस्त करून नव्याने तयार केलेली) प्रत दाखवली गेली. ४के चित्रात ३८४० × २१६० बिंदू असतात, ब्ल्यू-रेच्या चौपट. अशा नव्या प्रतीकडे पाहताना बिंदूंच्या संख्येपेक्षा रंगांकडे आधी पाहावे. पुनर्स्थापनेत रंग नव्याने ठरवले जातात आणि एखाद्या चित्रपटाचा सगळा मूड पिवळट किंवा हिरवट होऊन बसतो. लग्नाच्या दालनातला लाल-गुलाबी रंग, रात्रीच्या कार्यालयातला निळसर काळा आणि टोकियोच्या दिवसाचा स्वच्छ उजेड हे तीन रंग आवृत्त्यांत शेजारी ठेवून पाहिले तर फरक लगेच ध्यानात येतो. तुलना करताना दोन्हीकडची तीच चौकट थांबवावी, टीव्हीची ‘चित्र सुधारणा’ बंद ठेवावी आणि एका चौकटीवरून निकाल देऊ नये. हलत्या चित्रात जे दिसते तेच खरे.

भारतातल्या रसिकाला एक अडचण नेहमी येते. चकत्यांसाठी जगाचे विभाग पाडलेले आहेत आणि एका विभागाची कुलूपबंद चकती दुसऱ्या विभागाच्या प्लेअरवर चालत नाही. अमेरिकेतली डीव्हीडी विभाग १ ची आणि भारत विभाग ५ मध्ये. ब्ल्यू-रेच्या बाबतीत अमेरिका, जपान आणि तैवान विभाग ए मध्ये, तर भारत विभाग सी मध्ये. क्रायटेरियनची ब्ल्यू-रे विभाग ए साठी कुलूपबंद आहे, त्यामुळे इथल्या दुकानातल्या साध्या प्लेअरवर ती चालत नाही. सर्व विभाग वाचणारा प्लेअर लागतो.