जुनी भाषा वेगळी, लेगसी कोड वेगळा

'कोबोल आहे ना, मग लेगसीच,' हे इतक्या मीटिंगांमध्ये ऐकलंय की मी आता वाद घालत नाही. पण कोबोलसारखी जुनी प्रोग्रामिंग भाषा आणि लेगसी कोड, म्हणजे आधीच्यांकडून गळ्यात आलेला, असा का लिहिला हे कुणालाच ठाऊक नसलेला कोड, या दोन्हींचा ताप वेगळ्या जातीचा असतो, आणि एकाचं औषध दुसऱ्याला दिलं की पैसे जातात, दुखणं तिथंच राहतं.

आधी जुन्या भाषेचा ताप. फोरट्रान १९५७ची. तिच्या जुन्या मांडणीत ओळीचे पहिले पाच रकाने लेबलचे, सहावा ओळ पुढे चालू आहे हे सांगण्यासाठी आणि खरा कोड सातपासून बहात्तरपर्यंत. प्रोग्राम भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पंच कार्डांवर असायचा, त्या काळातला हा हिशेब. कार्डाला रकाने ८०. बहात्तरच्या पलीकडचं कंपायलर, म्हणजे कोड यंत्राच्या भाषेत उतरवणारा प्रोग्राम, बघतच नाही. ओळ लांबली आणि १०००मधलं शेवटचं शून्य त्र्याहत्तराव्या रकान्यात गेलं, तर प्रोग्राम मुकाट १०० धरून चालतो. त्यात व्हेरिएबल, म्हणजे किंमत साठवायचं नाव, आधी जाहीर करायची सक्ती नाही: नाव आय ते एनपैकी अक्षराने सुरू झालं तर पूर्णांक, नाहीतर दशांश. स्पेलिंग चुकलं की एरर येत नाही, नवं व्हेरिएबल जन्माला येतं. मग उत्तर का चुकतंय हे शोधत बसा! कोबोलमध्ये हेच काम एक पूर्णविराम करतो. 'इफ'ची अट इथे संपली हे सांगणारं एंड-इफ भाषेच्या १९८५च्या अधिकृत मानकात आलं. त्याआधीच्या धाटणीच्या कोडमध्ये इफ संपतो तो पूर्णविरामावर. तो टिंब द्यायचा राहिला की पुढची ओळही अटीच्या पोटात.

चिडचिड होते, नाही असं नाही. पण यातलं एकूण एक मॅन्युअलमध्ये लिहिलेलं आहे. फोरट्रानमध्ये 'इम्प्लिसिट नन', म्हणजे प्रत्येक व्हेरिएबल जाहीर करायची सक्ती करणारी ओळ, लिहायची सवय लागली की अर्धी कटकट मिटते. शिवाय या भाषा थांबलेल्याही नाहीत. दोन्हींची ताजी मानकं २०२३ची आहेत. पायथन भाषेत सायपाय ही गणिताची लायब्ररी वापरून रेषीय समीकरणं सोडवणाऱ्यांच्या खाली लॅपॅक नावाची दुसरी लायब्ररी असते, आणि लॅपॅक मुळात फोरट्रानमध्ये लिहिलेलं. त्याला कुणी लेगसी म्हणून नाक मुरडत नाही, कारण त्याला चाचण्या आहेत, कागदपत्रं आहेत, सांभाळणारी माणसं आहेत.

लेगसीला वयाशी देणंघेणं नाही. मला सर्वात जास्त छळलेला कोड पायथनमधला होता, जेमतेम तीन वर्षांचा. त्यात एक अट: ग्राहकाचा प्रकार ९ असेल तर व्याज मोजू नका. ९ म्हणजे कोण? टेबलात असा प्रकारच नव्हता. कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटमध्ये पाहिलं तर त्या बदलाच्या नोंदीवर एकच शब्द, 'फिक्स'. लिहिणारा नोकरी सोडून गेलेला. मी शहाणपणा करून अट काढली. महिनाअखेरीला कळलं की दुसऱ्या एका सिस्टिममधून येणाऱ्या फाइलीत बंद खात्यांना ९ लावतात. हे कुठल्या मॅन्युअलमध्ये सापडणार होतं?

यांच्यामध्ये एक तिसरी जातही आहे, बनवणाऱ्यानेच वाऱ्यावर सोडलेली. मायक्रोसॉफ्टची भाषा व्हिज्युअल बेसिक ६ आली १९९८ला, कोबोलपुढे अगदी पोर. तिच्या एडिटरचा सपोर्ट २००८मध्ये बंद. पायथन २ची मुदत १ जानेवारी २०२०ला संपली. तिथे ७ भागिले २चं उत्तर ३ येतं, पायथन ३मध्ये ३.५. स्थलांतर करताना असा एक भागाकार नजरेतून सुटला की एरर येत नाही, आकडे तेवढे बदलतात. इथे मात्र उठून दुसरीकडे जाण्यावाचून गत्यंतर नसतं.

कोबोलवर लोक हाच उपाय करायला जातात. टूल लावायचं, लाखो ओळी जावा या नव्या भाषेत उतरवायच्या. बाहेर येतं त्याला या धंद्यात 'जोबोल' म्हणतात: वाक्यरचना जावाची, चाल कोबोलची. डब्ल्यूएस-फ्लॅग-७ अशा व्हेरिएबलच्या नावातले हायफन तेवढे जातात. तो फ्लॅग कशासाठी होता हे आधीही कुणाला माहीत नव्हतं. आता तर तो वाचू शकणारा कोबोलवालाही टीममध्ये उरलेला नसतो.